बराखीतली कादंबरी

बाजारात सडक्या कांद्याचा वास आला, की अवसरीतली आमची कांदे साठवायची बराख आठवते. मी तेव्हा मंचरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होते. आई बराखीत कांदे निवडायची, मी शेजारी वाचत बसायचे.

"परीक्षेचं हाय का?"

"नाय, कादंबरी हाय."

"मग मोठ्यानं वाच."

त्या दुपारी गोष्टीतल्या मुलीचं लग्न ठरलं. आई म्हणाली, "पण तिला इचारलं का कुणी?"

मी पुस्तकातून डोकं वर काढलं. "तुला इचारलं व्हतं?"

आई हसली. "वाच पुढं."

मी वाचू लागले. निवडण्यात कधीच न चुकणाऱ्या आईनं सडका कांदा चांगल्यांत टाकला. तेव्हा मला वाटलं, गोष्टीत रमलीय. आता तसं वाटत नाही.