काकूचा एकच शब्द

इंग्रजीतला एक शब्द मुळापासून शेंड्यापर्यंत जगून काढलेली बाई अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच आहे, आणि माझी खात्री आहे की खुद्द इंग्लंडातही दुसरी सापडायची नाही. ती माझी धाकटी काकू. तिचा शब्द ‘रन’. बाकीची इंग्रजी तिला येत नाही, आणि यावी अशी तिची इच्छाही नाही.

याला कारण काका. शहादा तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवली आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर चहा घेऊन आलेल्या काकूला विचारलं, “तुले इंग्रजीना एक शबद तरी येस का?” पाहुणे हसायचे. काकू पंचवीस वर्षं कपबशा उचलून आत गेली. एक दिवस मात्र तिने कपबशा तिथेच ठेवल्या, काकांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश उचलला आणि सांगितलं, “एकच येई, पन पुरा येई.” मग सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला शब्द शोधला. सातवी शिकलेल्या बाईने ‘रन’ निवडला तो असा.

तिची रीत मात्र जगावेगळी होती. अर्थ पाठ करायचा नाही, करून दाखवायचा; मगच काकांच्या पेपर तपासायच्या लाल पेनाने त्यावर बरोबरची खूण. धावणे या पहिल्या अर्थासाठी ती पदर खोचून खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली आणि काकांना घड्याळ घेऊन उभं केलं. मोटर चालण्यासाठी विहिरीवर जाऊन स्वतः बटण दाबलं आणि लाईट जाईपर्यंत बांधावर बसून राहिली. नाक वाहण्यासाठी मिरची वाळवायच्या पथारीवर दिवसभर देठं खुडली. रंग उतरणे हा अर्थ आला तेव्हा नवं लाल लुगडं आणि काकांचा पांढरा सदरा एकाच बादलीत भिजवला. त्या वर्षी शाळेत झेंडावंदनाला आमचे काका गुलाबी होते. दुकान चालवण्यासाठी शेजारच्या किराणा दुकानात एक दुपार बसली आणि आलेल्या प्रत्येक बाईला “घरमा शे ना अजून? मंग कसाले लेस?” म्हणून परत पाठवलं. दुकानदाराने हात जोडून तिला खूण करायला लावली.

समानार्थी शब्दांशी तिचं वाकडं होतं. काकांनी एकदा धावण्याचे इंग्रजी शब्द भराभरा म्हणून दाखवले, तर म्हणाली, “त्या भाऊबंद शेतस. आडनाव एक, पन बांधवर उभा करा, मंग देखा.” काकांनी तो वाद तिथेच सोडला. हे त्यांच्या हयातीत पहिल्यांदाच घडत होतं.

मग तो अर्थ आला: निवडणूक लढवणे. आमच्या वॉर्डातली ग्रामपंचायतीची जागा बायकांसाठी राखीव, आणि ती भाऊबंदांतल्या एका बड्या बागायतदाराची सून दर वेळी बिनविरोध घ्यायची. मीटिंगला सासरे जात. काकूने कुणाला न विचारता अर्ज भरला. संध्याकाळी चार वडीलधारे ओट्यावर येऊन बसले. कोशातल्या खुणेसाठी गावाची एकी मोडू नये, असं त्यांचं म्हणणं. काकूने कोश त्यांच्यासमोर उघडून ठेवला.

“खूण तं मी अर्ज भरताच करी टाकी,” ती म्हणाली. “पन दर येळे नाव बाईनं आनि सही गडीनी, हाई माले देखाले नको. मन्हं नाव मतदानना मशीनवर मीच वाचसू. इंग्रजीमा निवडणुकीले ‘रन’ करतस, म्हंजे पयतस; आपन उभा ऱ्हातस. मी उभी शे. आते बसनार नही.”

काकांनी आतून पहिल्यांदाच चहा करून आणला, चौघांना दिला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

मी नाशिकला नोकरीला, पण माझं आणि बायकोचं नाव गावच्याच यादीत. “दोघं येतो,” असं मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं. मग त्या बागायतदाराचा फोन आला. आमचं शेत भिजतं त्याच्या पाटावर. तो नुसता म्हणाला, “बापू, यंदा पानी कमीच शे.” मतदानाच्या दिवशी मला ताप आल्याचं मी काकूला कळवलं. ताप नव्हता. लाज वाटते, पण खरं आहे.

काकू दोन मतांनी पडली. आम्ही गेलो असतो तर निदान चिठ्ठी निघाली असती.

दिवाळीला गेलो. कळण्याची भाकरी, भरीत, काकूचा आग्रह, सगळं नेहमीसारखं. जेवण झाल्यावर तिने कोश माझ्या मांडीवर ठेवला. पानंच्या पानं लाल खुणांनी भरलेली. निवडणुकीच्या अर्थावर तर दोन खुणा: एक अर्ज भरला त्या दिवसाची, एक मतमोजणीच्या दिवसाची. एकाच अर्थापुढे खूण नव्हती: पळ काढणे. तिथे बारीक अक्षरात माझं नाव होतं.

“हाऊ अर्थ मन्हाघाई व्हनार नही,” काकू म्हणाली. “म्हनीसन तुन्हा नावे ठेया.”

मला मान वर करवेना. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. “पेन्सिलघाई लिखेल शे, बापू,” ती म्हणाली, आणि कपबशा उचलायला गेली. त्या काकांनी आधीच उचलल्या होत्या.

पुढची निवडणूक अजून लांब आहे. काकूचे गुडघे आता दुखतात, खळ्यात धावणं संपलं, पण उभी राहणार हे तिने गावाला सांगून ठेवलंय. मी गावी गेलो की ती स्वयंपाकघरात असताना हळूच कोश उघडून ते पान बघतो. नाव अजून तिथेच आहे.