मडक्याच्या तोंडापर्यंत बीजगणित

तुम्मलपल्लीच्या सरकारी हायस्कुलात कोमरय्या सारांनी एकोणतीस वर्षं बीजगणित शिकवलं, आणि त्यातलं बरंचसं खाल्लं गेलं.

हे बोलणं त्यांच्या बायकोचं, सुगुणाचं. पण ते खोटं म्हणायची सोय नव्हती. दरवर्षी संक्रांतीच्या सुट्टीआधी मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, शिक्षण अधिकारी बाई शाळा-शाळांतून फिरत आणि मास्तरांनी हातानं केलेलं शिकवण्याचं साहित्य तपासत. जे पसंत पडेल ते जिल्ह्याच्या मेळाव्याला जाई. तिथं एक टेबल मिळतं, टेबलावर पांढरी चादर असते, आणि मास्तरच्या खिशाला नावाची पट्टी लावतात. सारांना आयुष्यात त्या टेबलामागं एकदा उभं राहायचं होतं. तीन वर्षं त्यांनी जिवाचा आटापिटा केला होता. येत्या एप्रिलात ते निवृत्त होणार होते, म्हणजे ही शेवटची संधी.

पहिल्या वर्षी त्यांनी सायकलच्या रिंगेचा मोठा तराजू केला. समीकरण म्हणजे तराजू, एका पारड्यातून काढलं तर दुसऱ्यातूनही काढायचं, हे पोरांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. अज्ञात संख्या म्हणून कापडाच्या पुरचुंड्या बांधल्या आणि प्रत्येकीत मोजून सात भाजलेले शेंगदाणे घातले. तपासणीच्या दिवशी तराजू काही केल्या सरळ होईना. पुरचुंड्या सोडल्या तर एकीत दोन दाणे, एकीत चार, आणि एकीत नुसतीच टरफलं. प्रत्येक एक्स वेगळा निघाला. दहावीच्या वर्गानं मान खाली घातली, पण जबडे हलायचे थांबले नाहीत.

दुसऱ्या वर्षी अ अधिक ब यांचा वर्ग. अ-वर्गाचा आणि ब-वर्गाचा चौकोन प्लायवुडचा केला, आणि मधले दोन अ-ब उठून दिसावेत म्हणून त्यांच्यावर मक्याची सुकी सालपटं विणून बसवली. व्हरांड्यात ठेवलेलं ते साहित्य गावातल्या एका बकरीनं पाहिलं. तिनं नेमके दोन अ-ब खाल्ले, बाकी सूत्राला तोंड लावलं नाही. सार म्हणाले, एकोणतीस वर्षं माझी पोरं पेपरात जे विसरतात, तेच हिनं गिळलं. ही माझ्याच वर्गात बसलेली असणार.

तिसऱ्या वर्षी गुळाच्या खड्यांचा आलेख. रात्रीतून मुंग्या लागल्या. सकाळी खडे नव्हते, पण मुंग्यांची रांग होती, आणि ती सारांच्या रेषेपेक्षा सरळ होती.

तिन्ही वर्षी अधिकारी बाईंनी कागदावरच्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिहिला. रकान्यात प्रश्न असे, ‘साहित्य पूर्ण की अपूर्ण?’ आणि खाली अट छापलेली, की अपूर्ण साहित्य पुढं पाठवू नये.

“अहो, या वर्षी तरी काही न खाता येणारं करा,” सुगुणा म्हणाली. ती अंगणात बसून मुग्गू काढत होती. धनुर्मास चालू होता, गावात दारोदारी रोज पहाटे रांगोळी. सार चहाचा पेला हातात धरून बघत राहिले. आधी ठिपके, ओळीनं, रांगेनं. मग ठिपके मोजून रेषा. सुगुणा चौथी शिकलेली, पण पाचवा ठिपका सोडून सातव्याला हात वळवताना तिचं कधी चुकलं नव्हतं. सारांचा चहा निवला. ज्या आलेखापायी दहावीच्या पोरी रडत, तो आलेख त्या रोज पहाटे दारात काढून शाळेला येत होत्या आणि ते कुणालाच, खुद्द त्यांनाही, ठाऊक नव्हतं.

“पीठ कशाचं?” त्यांनी विचारलं.

“दगडाचं. मुंगीसुद्धा खात नाही.”

सारांनी पेला खाली ठेवला आणि तसेच शाळेत गेले.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दहावीच्या मुलींना घेऊन शाळेच्या पटांगणात फूट-फूट अंतरावर ठिपके घातले. आडवे नऊ, उभे सतरा. सगळ्यात खालच्या ओळीत मधोमध शून्य. शून्यापासून जितकी घरं बाजूला जायचं, त्या संख्येच्या वर्गाइतकी घरं वर चढायचं. एकला एक, दोनला चार, तीनला नऊ, चारला सोळा. शिरीषा नावाची पोर, जिला गणितात कधी पस्तीसच्या वर पडले नव्हते, तिनं चिमटीतून अशी वळणदार रेषा सोडली की सार तिच्या मागून उलट चालत नुसतं “वा, वा” म्हणत होते. खाली गोल तळ, दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेले हात. उघडे, आभाळाकडं निघालेले. सारांनी स्वतः गेटाला कुलूप लावलं, बकरी आत नाही याची दोनदा खात्री केली आणि निर्धास्त झोपले.

पण गेटाची एक किल्ली बुच्चम्माकडं असायची. बुच्चम्मा म्हणजे शाळेत दुपारचं जेवण रांधणारी. वीस वर्षं तिनं सारांच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला होता, न विचारता. सारांवर तिचा जीव. पहाटे ती सडा घालायला आली, तिनं मुग्गू पाहिला आणि कपाळाला हात लावला. मुग्गूची रेषा कुठंही उघडी सोडायची नसते. आत आलेलं सगळं त्या फटीतून निघून जातं, हे लहान पोरीलाही कळतं. आणि इथं तर फट नव्हती, आठ फुटांचं भगदाड होतं. तीन वर्षं सारांचं नशीब कुठून गळतं, ते तिला त्या घडीला उमगलं.

सकाळी आठला सार आले तेव्हा पटांगणात संक्रांतीचं मडकं होतं. दोन्ही हातांच्या टोकांना जोडून काठ काढलेला. काठावरून दूध उतू चाललेलं, दोन्हीकडं उसाची कांडकी, पोटावर हळद-कुंकू. आणि अगदी शून्यावर, जिथून सगळं बीजगणित सुरू होतं तिथं, शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं फूल.

“अक्का, हे काय केलंस?”

“तोंड उघडं ठेवून गेला होतात, सारू. मी लावून घेतलं.” तिच्या आवाजात कौतुकाची वाट पाहणं होतं. “ठिपका मात्र एक हलवला नाही.”

“अगं, ते उघडंच असतं. ते मिटतच नाही कधी.”

“म्हणूनच तर तीन वर्षं हात हलवत परत येताय.”

सारांनी स्वयंपाकाच्या खोलीतून झाडू आणला आणि दोन पावलांवर थांबले. धनुर्मासातला मुग्गू, त्यात शेणाच्या गोळ्याच्या रूपानं गौर बसलेली. त्यांच्याच आईनं लहानपणी असल्या मुग्गूवर पाय पडला म्हणून त्यांना उपाशी ठेवलं होतं. झाडू हातात घेऊन ते असे उभे राहिले, जसा फळ्यापुढं गणित न येणारा पोरगा. तेवढ्यात गेटाशी जीप थांबली.

अधिकारी वसुंधरा मॅडम उतरल्या. त्यांनी मडक्याकडं पाहिलं, चपला काढल्या, आणि मुग्गूला वळसा घालून आल्या.

“फार सुरेख. सूत्र कुठलं?”

सार झाडू पाठीमागं लपवू लागले. शिरीषाच पुढं झाली. “मॅडम, मडक्याच्या तोंडापर्यंत बीजगणित. त्याच्या वरचं बुच्चम्माचं.”

“आणि कुठलं कुणाचं, ते ओळखायचं कसं?”

पोरगी ठिपक्यांवरून चालत गेली. शून्यापासून तीन घरं उजवीकडं सरकली, मग वर. नवव्या घरावर थांबली. “तीनचं उत्तर नऊ. हे मडक्याचं पोट.” आणखी वर गेली, सोळाव्यावर. “इथं काठ. म्हणजे तीनचं उत्तर सोळासुद्धा? एका तीनला दोन उत्तरं कशी चालतील? काठ खोटा आहे, मॅडम.”

“खोटा कशानं?” बुच्चम्मा दुखावली. “दूध काय वाऱ्यावर ठेवू?”

मॅडमनी हसू दाबत कागद काढला. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. “साहित्य पूर्ण आहे, असं लिहिते. पूर्ण आहे ना, सार?”

आता फक्त मान हलवायची होती. पांढरी चादर, खिशावरची पट्टी, सगळं त्या एका मानेवर होतं. सारांनी पोरींकडं पाहिलं. शिरीषा अजून सोळाव्या ठिपक्यावर उभी होती, आयुष्यात पहिल्यांदा बरोबर आल्यासारखी.

“अपूर्ण आहे, मॅडम,” ते म्हणाले. “हा कधीच पूर्ण होत नाही. पाचला पंचवीस, ते त्या पिंपळाच्या पलीकडं. दहाला शंभर. कुणी काढत राहिलं तर ही रेषा गावाबाहेर जाईल, पण मिटणार नाही.”

मॅडमनी लिहिलं, ‘अपूर्ण’. चौथ्यांदा. सारांनी ते उलटं वाचलं आणि झाडू भिंतीला टेकवला.

बुच्चम्मा मात्र मुग्गूकडं बघत विचारात पडली होती. “म्हणजे उघडं सोडलेलं नाही?” ती सावकाश म्हणाली. “अजून काढून व्हायचंय, असं म्हणा की. मग आधी सांगायचं, सारू. काढणाऱ्या बाईचा हात कोण थांबवतं?”

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, मग कागदाकडं. ‘अपूर्ण’च्या पुढं त्यांनी आणखी काही बारीक अक्षरात लिहिलं, सही ठोकली आणि दुपारी शाळेतच जेवायला बसल्या. भात दुसऱ्यांदा घेतला.

संक्रांतीनंतर जिल्ह्याहून पत्र आलं. त्यांचा शेरा त्यात जसाच्या तसा उतरवलेला होता: ‘अपूर्ण. अपूर्ण असणे हाच या साहित्याचा धडा आहे, सबब पाठवावे. सोबत काढणाऱ्या बाईंनाही पाठवावे.’

मेळाव्यात टेबल मिळालं, चादर मिळाली, पट्टी मिळाली. पण मुग्गू टेबलावर मावेना, म्हणून सार टेबल सोडून दिवसभर जमिनीवर उकिडवे बसले आणि चादरीमागं बुच्चम्मा खुर्ची टाकून बसली. पट्टीही तिच्याच पदराला होती, कारण सारांच्या खिशात खडू होते.

मुग्गू सकाळी तिनंच काढला. ठिपके, तळ, दोन्ही बाजूंचे चढते हात. सोळाव्या ओळीवर चिमूट थांबली. ती बराच वेळ त्या उघड्या तोंडाकडं बघत राहिली. मग नुसतं सोडवेना म्हणून तिनं दोन्ही टोकांवर एकेक आंब्याचं पान काढलं, टोक वर केलेलं.

“हे काय, अक्का?”

“वाटेला लागलंय, परत येणार नाही. कुठं गेलं ते तरी कळू दे.”

सारांनी पाहिलं. एकोणतीस वर्षं ते फळ्यावर त्याच जागी बाण काढत आले होते, आणि एकाही पोरानं तो कधी वहीत उतरवून घेतला नव्हता.