पुसण्याआधीची यादी
कपाटात आज कडेला भोकं असलेला छपाईचा जुना कागद सापडला आणि इस्लामपुरातला माझा छापखाना आठवला. माण तालुक्यातल्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून, तिसऱ्याला भाव कळू न देता, मेंढरांचे सौदे करत मी वर आलो होतो, त्यामुळे उघड व्यवहारावर माझा विश्वास नव्हता. त्यात आदल्या वर्षी संगणकाची डिस्क साफ करायला आलेल्या माणसानं मला न विचारता लग्नपत्रिकांचे सगळे नमुने पुसले होते. ऐन लग्नसराईत डिस्क पुन्हा भरली, नवी पत्रिका साठवली जाईना, म्हणून सांगलीहून एक बाई आल्या. त्यांच्या प्रोग्रॅमनं आधी काहीच पुसलं नाही. काय काढणार आणि का, याची यादी छापून दिली. पुसलेलं परत आणता येतं, असंही त्या म्हणाल्या. मी एकेका ओळीवर भांडलो. "पुसलेलं परत येतं म्हणता, तर माझा गणपतीच पुसून दाखवा," मी म्हणालो. पत्रिकेवरचा तो गणपती मी महिनाभर खपून पुन्हा काढला होता. "बघा हं शेठ, मागनं माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई," म्हणत त्यांनी तो पुसला. पडद्यावरची जागा रिकामी झाली. मग त्यांनी एक कळ दाबली, आणि गणपती सोंडेच्या शेवटच्या वळणासकट परत आला. "तुमी व्हय म्हणेपर्यंत काय जात न्हाई," त्या म्हणाल्या. घेतलेलं असं जसंच्या तसं परत देणारं मी बाजारात कुणी पाहिलं नव्हतं. मी यादीवर सही केली. त्या पहिल्या माणसाचा विषय निघाला की अजून रागानं माझा आवाज चढतो, पण आज सही केलेली तीच यादी हातात आली आणि तो आपोआप खाली आला.