आईचं गंगावन

मैत्रिणींनो, आत्ताच पेणहून रोह्याला आलेय. अजून सावरले नाही.

माझा भांग रुंदावत चाललाय, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले होते. सोबत आई. "तुज्या शाम्पूनीच झालं," वाटभर तेच.

डॉक्टरांनी विचारलं, "आईचे केस कसे?"

"बघा ना, केवढा अंबाडा आहे," मी म्हणाले.

आईने हळूहळू पिना काढल्या आणि अख्खा अंबाडा हातात घेतला. गंगावन होतं. खाली टाळू उघडी पडली.

"तुज्याच वयात गेले गो. सांगायची लाज वाटली."

डॉक्टर म्हणाले, "मुलगी वेळेत आलीय, गळती रोखता येईल."

आईने भीतभीत विचारलं, "आन् माजे?"

"सगळे नाही येणार. पण तपासू."

दोघींचं रक्त देऊन आलो. तुमच्या आईला कधी विचारलंत का?