कोनाड्यातला रेडिओ

मनाई हुकूम हातात पडला त्या दिवशी सिद्धारामला जेवण गेलं नाही. ताट सरकवून तो सोप्यात येरझाऱ्या घालायला लागला, तशी बायको अंबुबाई म्हणाली, "अवो, हुकूम त्या ईरप्पावर निघालाय का तुमच्यावर?"

शुक्रवार पेठेत त्याचं रेडिओचं दुकान. ट्रान्झिस्टर सोलापुरात नवे होते तेव्हा त्यानं गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात स्पीकर बसवला. चादरींच्या मागांच्या खडखडाटात गाणं कुणाला ऐकू येत नव्हतं, ते डब्यातनं यायला लागलं. नाव झालं. मग एकानं डब्याची नक्कल केली, यानं वकील गाठला, नक्कल बंद पडली. तिथनं कोर्टाची गोडीच लागली. कुणी काही नवं काढलं की हा तारखेला उभा. तारांना डाग द्यायचं हत्यार टेबलावर गार पडलं ते पडलंच.

आता चौऱ्याहत्तर साली पाळी आली ईरप्पाची. याच्याच हाताखाली शिकलेला गडी. भवानी पेठेत दुकान थाटून त्यानं डब्याऐवजी मडकं घेतलं. आवाज पत्र्यासारखा किरकिरा नाही, भरलेला, गोल. मागवाले आता ईरप्पाचं नाव घेत होते, आणि तेच सिद्धारामला सलत होतं. भांड्यात स्पीकर ही कल्पना माझी, डबा काय न मडकं काय, असा त्याचा दावा. निकाल लागेपर्यंत कुठल्याही भांड्यात स्पीकर बसवून विकायचा नाही, असं कोर्टानं ईरप्पाला बजावलं.

मग जिवाला चैन का पडेना? "गप बसला आसंल व्हय त्यो?" असं पुटपुटत त्यानं चपला घातल्या. निघाला वकिलाकडं, पण पाय वळले भवानी पेठेकडं.

ईरप्पाचं दुकान बंद. दारात मडकी पालथी घातलेली. सिद्धारामनं श्वास सोडला न सोडला, तोच समोरच्या कारखान्यातनं गाणं आलं. खडखडाटाच्या वरनं, स्वच्छ. तो तसाच आत घुसला.

डबा नव्हता, मडकं नव्हतं. भिंतीतल्या कोनाड्याच्या तोंडाला फळी ठोकलेली, फळीला भोक, भोकात स्पीकर. आख्खी भिंत गात होती. खाली ईरप्पा उकिडवा बसून तार जोडत होता.

"या मालक! आता भिंतीवर दावा लावा की!"

मागावरची माणसं खदखदून हसली.

"लावीन! तुला काय वाटलं, भिंत म्हंजी..." बोलता बोलता सिद्धाराम अडला. त्याचा कान फळीकडं गेला होता. "फळी थरथरतीया."

"थरथरू द्या. तुमाला काय करायचंय?"

"मधी चामड्याची पट्टी घाल. आन् वर एक बारकं भोक पाड. वारा कोंडतोय आत."

ईरप्पानं तार सोडून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. मग हळूच म्हणाला, "आन् उद्या म्हणाल, भोक माजं हाय. वकिलाला इचारून हात लावा, मालक."

सिद्धारामचा फळीकडं गेलेला हात तसाच अधांतरी राहिला. तिकडं वकील वाट बघत असेल. हितं ह्याच्या भिंतीला हात लावला तर उद्या कोर्टात काय तोंड दाखवायचं? गाणं सरलं, दुसरं लागलं, ढोलकीच्या थापेसरशी फळी पुन्हा किरकिरली. ते काही त्याला सोसेना.

"सरक तिकडं," म्हणत त्यानं ईरप्पाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर ओढून घेतला.