पुढच्या फळीवरचा पाहुणा

डहाणूच्या खाडीवरची आमची होडी फुकट आहे. तिची पुढची फळी मासळीवाल्या मावशीच्या टोपलीसाठी रिकामी सोडायची, हा इथला रिवाज. त्या सकाळी तिथे एक टोपीवाला पाहुणा ऐसपैस पसरला. होडी हाकणाऱ्या तांडेलाने उठायला सांगितलं, तर म्हणाला, "फुकट आहे ना? मग कुठेही बसेन." होडी सुटली. मावशी टोपलीसकट काठावरच राहिली.

पलीकडे पोचूनही हा उतरला नाही. खाडीदर्शन म्हणून त्याच फळीवर बसून त्याने तीन फेऱ्या मारल्या आणि मोबाईल उंच धरून स्वतःचंच थोबाड टिपलं. शेवटी अलीकडच्या काठावर परत उतरताना नाक मुरडून म्हणाला, "इथे बघण्यासारखं काहीच नाही."

काठावरून मावशी म्हणाली, "मला होतं की, भाऊ. मासळी नरम पडेपर्यंत तुलाच बघत बसले."