सांताची वाकडी पावलं

बयाबाईला वाकडं खपत नाही, हे सगळ्या गडमुडशिंगीला ठाऊक. शेजारणीच्या दारातली रांगोळी जरा तिरकी दिसली, तर ही बाई जाता जाता वाकणार, बोटानं पुसणार आणि नीट करूनच पुढं जाणार. शेजारीण आतून बडबडत बसेना का! गौरीला साडी नेसवायची म्हटलं की अर्ध्या गल्लीतून तिला बोलावणं येतं, कारण तिनं घातलेली निरी विसर्जनापर्यंत हलत नाही. अशी ही बाई एकोणीस वर्षं रोज सकाळची बस धरून कोल्हापुरात येते आणि एका बालवाडीत मावशी म्हणून काम करते. आता बालवाडी म्हणजे वाकड्या गोष्टींचं माहेरघर. तिथं तिनं एवढी वर्षं कशी काढली, ते अंबाबाईलाच माहीत.

यंदा नाताळाला अनुजा मॅडमनी पोरांच्या हातून चित्रं करून घ्यायचं काढलं. मॅडम तरुण, उत्साह उतू जाणारा. कागदी प्लेटला कापूस चिकटवून सांताची दाढी झाली. भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून तिच्या चांदण्या उठवल्या. भेंडीचा दर काय आणि ही पोरगी चित्राला कापतीय, असं बयाबाई पुटपुटली, पण चांदण्या उठलेल्या बघून तीही गप्प झाली. शेवटी प्रत्येकाला पांढऱ्या कागदावर चिकटवलेलं हिरवं झाड मिळालं. त्यावर अंगठा रंगात बुडवून ठसे मारायचे, म्हणजे झाले दिवे. शुक्रवारी अकरा वाजता पालक बघायला येणार होते.

बावीस पोरांत एक होती राजनंदिनी. साडेतीन वर्षांची. जूनपासून शाळेत तिनं एक अक्षर काढलं नव्हतं. घरी म्हणे तोंडाला कुलूप नसतं, तिचे आजोबा हंबीरराव शपथेवर सांगायचे. पण शाळेत दोन्ही मुठी गच्च आवळून बसायची. मातीला हात नाही, रंगाला नाही, कणकेच्या गोळ्यालासुद्धा नाही. जेवताना तेवढी मूठ उघडायची. मॅडम तिला कधी जबरदस्ती करत नव्हत्या. बयाबाईचा मात्र जीव तुटायचा. हिला बोलतं करीन तवाच म्हातारी होईन, असं ती स्वतःलाच बजावायची.

आणि गुरुवारी ते घडलं. राजनंदिनीनं हळूच मूठ सैल केली, अंगठा लाल रंगात बुडवला आणि कागदावर टेकवला. झाडावर नाही, पार कोपऱ्यात. एकच ठिपका. मॅडमनी ते बघितलं आणि मधल्या सुट्टीत हंबीररावांना फोन करून सांगितलं. बयाबाई तेव्हा मागं मोरीत पेले घासत होती. तिला यातलं काहीच कळलं नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

दुपारी पोरं गेली. मॅडम सांताच्या टोप्या आणायला बाजारात गेल्या. झाडलोट करता करता बयाबाईची नजर वाळत घातलेल्या चित्रांवर गेली आणि तिला घेरीच यायची बाकी राहिली. दिवे झाडाच्या बाहेर, कापूस सांताच्या डोळ्यात, एका झाडावर तर नुसता चिखल. उद्या पालक येणार, मॅडमचं नाक कापलं जाणार! तिनं पदर खोचला. पांढऱ्या रंगानं बाहेरचे ठिपके झाकले, झाडांवर ओळीनं, एका मापाचे दिवे काढले, दाढ्या कातरीनं सारख्या केल्या. चांगले दोन तास खपली. बावीस चित्रं भिंतीवर लावून लांबून बघितली, तेव्हा तिचा ऊर भरून आला. त्या रात्री तिला झोपही छान लागली.

सकाळी पोरं आली आणि भिंतीपुढं गोंधळून उभी राहिली. सगळी झाडं सारखी, माझं कुठलं? एकानं दुसऱ्याचं धरलं, तिसरा रडायला लागला. मॅडमनी नाव वाचून दाखवलं तशी राजनंदिनी आपल्या कागदापाशी गेली. कोपरा बघितला. कागद उलटून मागंही बघितलं. मग मुठी आवळल्या, वळली आणि बयाबाईकडं बघत बोलली, शाळेतलं तिचं पहिलं वाक्य.

"माझं न्हाय ह्ये."

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बयाबाईला बाजूला घेऊन तो ठिपका काय होता ते सांगितलं, आणि आजोबा तो बघायला येणार आहेत हेही सांगितलं. सहा महिने ज्याची वाट बघितली, ते तिनं स्वतःच्या हातानं, नीटनेटकं करायच्या नादात, पुसून टाकलं होतं. जळलं ते माझं वळण, असं तिला झालं. घड्याळात साडेनऊ झाले होते.

ती अंगणात गेली. राजनंदिनी पायरीवर बसली होती, मुठी तशाच. बयाबाई त्या मुठींकडं बघत राहिली, आणि तिला भादवा आठवला. गौर घरात घेताना दारापासून पावलं उठवायची ती कशानं? हात उघडायला लागतच नाही की! मूठ कुंकवात टेकवायची, जमिनीवर दाबायची, झालं पाऊल.

तिनं ताटलीत पांढरा रंग ओतला, स्वतःची मूठ बुडवली आणि फरशीवर दाबली. कुणाला न सांगता, आपल्याशीच बोलल्यागत म्हणाली, सांता लांबनं येणार, त्याला शाळा कुठं ठाऊक, पावलं नकोत व्हय दावायला? राजनंदिनी बघत होती. बराच वेळ बघत होती. मग उतरली आणि तिनं आपली मूठ, अजिबात न उघडता, रंगात घातली. फरशीवर इवलंसं पाऊल उठलं.

"बोटं न्हाईत त्याला," बयाबाई म्हणाली. "सांता बिनबोटाचा चालल व्हय?"

राजनंदिनी हसली. एक बोट बाहेर आलं. पाच ठिपके देईपर्यंत सगळी मूठ उघडली होती.

मग काय विचारता! बावीसच्या बावीस पोरं अंगणात. फाटकापासून पावलं निघाली ती काही सरळ येईनात. सोन्या नावाच्या पोराचा सांता भिंतीवर चढला, एक मोरीकडं गेला, एक जागच्या जागी गोल फिरला. बयाबाईचे हात शिवशिवत होते. ती दोन्ही हात धुऊन, मांडीखाली दाबून पायरीवर बसली, आणि मॅडम तिच्याकडं बघून हसू दाबत होत्या. भिंतीवरची ती बावीस सरळ झाडं तिनं स्वतःच आधी उतरवून ठेवली होती.

अकरा वाजता हंबीरराव फाटकातून आत आले, फेटा सावरत, पावलं चुकवत. नात पळत गेली, त्यांचं बोट धरलं आणि तिनं एकेक दाखवायला सुरुवात केली, ह्ये माझं, ह्ये माझं, त्यो सोन्याचा, ह्ये पण माझं. दाखवत दाखवत ती पायरीपर्यंत आली. पुढं फरशी संपली. समोर बयाबाई, अंगावर ठेवणीतली मोरपंखी साडी, एक डाग नाही. राजनंदिनीनं मूठ रंगात बुडवली आणि बयाबाईच्या मांडीवर दाबली. मग सावकाश पाच बोटं दिली, सगळी एकाच बाजूला.

मॅडम ओलं फडकं घेऊन धावल्या. बयाबाईनं हात आडवा केला.

"ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये शेजारच्या बाईनं तिला हळूच सांगितलं, मावशी, साडीला रंग लागलाय, पाणी लावून पुसून घ्या. बयाबाईनं साडीची घडी नीट करून ते पाऊल वर दिसेल असं घेतलं.

"पुसायचं न्हाय," ती म्हणाली. "आमच्या राजनंदिनीनं काढलंय ते." आणि गडमुडशिंगी येईपर्यंत त्या बाईला तिनं सगळी गोष्ट सांगितली.